डब्यातली हळद, डबीतली हळद

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद रंगाने गडद असते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते मिळायला आणखी दोन वर्षे लागली आणि वसमतच्या हळदीला तर २०२४ उजाडले. बाजारपेठेच्या हिशेबात सांगलीपुढे वायगाव कुठेच नाही, पण या गावाकडे अभिमानाने सांगण्यासारखा एक आकडा आहे. इथल्या हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण ६ टक्क्यांच्या घरात असते. साध्या हळदीत ते २ ते ५ टक्क्यांदरम्यान कुठेही सापडते.

हे कर्क्युमिन म्हणजे हळदीचा पिवळेपणा. प्रयोगशाळेतल्या नळीत ते अँटिऑक्सिडंट म्हणून चोख काम करते, आणि त्या एका गुणावर जगभर कॅप्सूलचा मोठा धंदा उभा आहे. मेडिकलच्या काउंटरवर, पूर्वी जिथे खोकल्याच्या गोळ्यांची बरणी असायची, तिथे आता या डब्या दिसतात. गिऱ्हाईकही ठरलेले असते. रिपोर्टमध्ये साखर जरा वाढलेली, सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेले, वय चाळिशीच्या पुढे. डॉक्टर गोड कमी करा म्हणाले, चाला म्हणाले. ते दोन्ही जमेना, तेव्हा हात डबीकडे जातो.

डबीत हळद किती असते याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वरण, भाजी, फोडणी मिळून माणशी दिवसाला अडीच ग्रॅम हळद पोटात जाते असे धरू. ती वायगावची असली तर त्यातून १५० मिलिग्रॅम कर्क्युमिन मिळेल. खाद्यपदार्थांतल्या रंगद्रव्यांच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. साठ किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम पडते. म्हणजे आपला फोडणीचा हात पिढ्यान्‌पिढ्या त्या रेषेच्या आतच राहिला. आता ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घ्या, जिच्यावर ‘९५ टक्के’ असे छापलेले असते. तिच्यात ४७५ मिलिग्रॅम भरले. एका घोटात आठ ग्रॅम वायगावची हळद! अशा तीन घेतल्या की जवळपास पाव वाटी. कोणत्याही आजीने कोणत्याही दुधात इतकी हळद कधी घातलेली नाही. ‘आपले पूर्वज खातच होते की’ हा युक्तिवाद इथे संपतो. पूर्वज मसाला खात होते, गिऱ्हाईक घेते ते अर्क काढलेले रसायन असते.

ही कॅप्सूल नेमके कशाचे उत्तर म्हणून विकली जाते, ते कळायला साखरेच्या मागे थोडे शरीरात शिरावे लागते.

साखरेचा एक रेणू पोटात फुटला की त्याचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तातून सगळ्या शरीरभर वाटले जाते. ते गरजेपेक्षा जास्त झाले की प्रथिनांना जास्त प्रमाणात चिकटू लागते. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी होते, ती रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटले हेच मोजते. जास्तीचे ग्लुकोज पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवरही ताण आणते. इंधन उदंड आणि गरज थोडी, अशा अवस्थेत ही केंद्रे सुपरऑक्साइड नावाचे आक्रमक कण जास्त सोडू लागतात. न्यूयॉर्कचे मायकल ब्राउनली यांनी २००१ मध्ये मांडणी केली, की मधुमेहात डोळे, मूत्रपिंडे आणि नसा बिघडतात त्या वेगवेगळ्या वाटांच्या मुळाशी हाच एक प्रकार आहे.

फ्रुक्टोजची तऱ्हा निराळी. ते बहुतांशी यकृतातच अडते आणि तिथे त्याच्या वापराला ग्लुकोजसारखा लगाम नाही. जेवढे येईल तेवढे यकृत झपाट्याने हाताळते. त्या घाईत पेशीतली ऊर्जेची गंगाजळी आटते, युरिक ॲसिड वाढते आणि उरलेल्याची चरबी बनते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात किंबर स्टॅनहोप आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याची पारख केली. जास्त वजनाच्या ३२ जणांना दहा आठवडे, गरजेच्या एक चतुर्थांश उष्मांक गोड पेयांतून दिले, काहींना ग्लुकोजचे, काहींना फ्रुक्टोजचे. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले. पोटाच्या आतली चरबी मात्र फ्रुक्टोजच्या गटात वाढली आणि इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची तयारीही त्याच गटात घटली.

डबीमागचा तर्क असा, की नुकसान ऑक्सिडीकरणाने होते, तर अँटिऑक्सिडंट घ्या म्हणजे झाले. डेनहॅम हारमन यांनी १९५६ मध्ये म्हातारपणाचे खापर या आक्रमक कणांवर फोडले तेव्हापासून तो चालत आला आहे. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये ‘क’ जीवनसत्त्वाचा झेंडा हाती घेतला आणि या तर्काला वजन आले. जाहिरातींनी त्याला गंजाची उपमा जोडली. शरीर गंजते, गोळी गंज काढते. उपमा डोक्यात पक्की बसते, इथेच घोळ आहे. लोखंड गंजाविरुद्ध स्वतःहून काहीच करत नाही. शरीर करते. ग्लुटाथायोन, कॅटॅलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज असा बंदोबस्त पेशी स्वतःच ठेवतात आणि गरजेप्रमाणे वाढवतात. शिवाय हे आक्रमक कण निव्वळ घाण नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात, आणि स्नायूंवर ताण आला हा निरोपही तेच पोचवतात.

तो निरोप मध्येच अडवला तर काय होते, हे जर्मनीतल्या येना विद्यापीठाच्या मिखाएल रिस्टो यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना काही नाही. व्यायामाने इन्सुलिनची कार्यक्षमता वाढते, हे मधुमेहातले सगळ्यात भरवशाचे सत्य. ती वाढली, पण गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये. घेणाऱ्यांचा घाम वाया गेला म्हणायला हरकत नाही. सकाळी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि घरी येऊन मल्टिव्हिटॅमिन पाण्यात विरघळवून प्यायचे, असा दिनक्रम ज्यांचा आहे त्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

त्याआधीच मोठ्या चाचण्यांनी या क्षेत्राला धक्के दिले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटिनची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्क्यांची होती. मधुमेहाशी थेट संबंध सेलेनियमचा. हे खनिज शरीराच्या अँटिऑक्सिडंट यंत्रणेचा भाग असते. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासाठी रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन चाचणी झाली होती. त्या नोंदी २००७ मध्ये पुन्हा तपासल्या तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे दीडपट निघाले. मधुमेह टाळण्याच्या यादीत कोणे एके काळी हेच सेलेनियम होते.

सगळेच निकाल असे नाहीत, आणि या विषयावर लिहिणारे बरेच जण इथे घाई करतात. मधुमेह नसलेल्या, पण यकृतात चरबीबरोबर सूजही असलेल्या २४७ प्रौढांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचा निकाल २०१० मध्ये आला. रोज ८०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्या ४३ टक्के लोकांचे यकृत सुधारले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १९ टक्क्यांचे. हा फरक खरा आहे. पण त्यातल्या प्रत्येकाच्या यकृताचा तुकडा काढून तपासलेला होता, आणि गोळी दीर्घकाळ घेण्याचे धोके डॉक्टर तोलत होते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन’ वाचून स्वतःच ‘ई’च्या हिरव्या कॅप्सूल सुरू करणे, ही त्या चाचणीची नक्कल नव्हे.

पायांची आग होते, मुंग्या येतात म्हणून मधुमेह्यांना मिथाइलकोबालामिनच्या जोडीने अल्फा लिपोइक ॲसिडची गोळी लिहून दिली जाते, तेही अँटिऑक्सिडंटच. चार वर्षे चाललेल्या ४६० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी ठरवलेल्या मुख्य कसोटीवर गोळी उतरली नाही, काही दुय्यम कसोट्यांवर थोडी सुधारणा दिसली. धड हो नाही, धड नाही नाही. औषधांच्या जगात अशी उत्तरे बरीच असतात, फक्त पाकिटावर ती छापत नाहीत.

कर्क्युमिनचे स्वतःचे प्रगतिपुस्तक काय म्हणते? पहिली अडचण, ते आतड्यातून रक्तात जातच नाही म्हटले तरी चालेल, आणि जे थोडे जाते ते यकृत लगेच बाहेर काढते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये त्यावर उपाय सापडला. मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पिपेरिन सोबत दिले तर रक्तातले कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढले. आकडा भव्य वाटतो, पण मुळातल्या नगण्याची ती पटीत वाढ होती. तेव्हापासून डब्यांवर ‘काळी मिरीयुक्त’ हे शब्द झळकतात. पिपेरिन हे काम करते ते यकृताची बाहेर काढण्याची सोय मंदावून. ती सोय फक्त कर्क्युमिनसाठी नसते, इतर औषधांसाठीही असते.

थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांना नऊ महिने रोज दीड ग्रॅम कर्क्युमिन किंवा खोटी गोळी दिली गेली. २०१२ मध्ये छापलेल्या निकालानुसार खोट्या गोळीच्या गटात १६.४ टक्के लोकांना मधुमेह झाला, कर्क्युमिनच्या गटात एकालाही नाही. हा शून्य जाहिरातदारांनी डोक्यावर घेतला. खरे तर त्याच शून्याने भुवया उंचावायला हव्यात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाला जमले नाही, आहार-व्यायामाला जमले नाही, ते एका मसाल्याच्या अर्काला इतके निर्भेळ जमावे? २०१७ मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनच्या रसायनशास्त्राचा सविस्तर पंचनामा केला. हा रेणू अस्थिर आहे, दिसेल त्याला चिकटतो, चाचणीच्या साधनांनाही फसवतो. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही तो औषध म्हणून ठामपणे सिद्ध झालेला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. टेक्ससच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात पूर्वी असलेले भारत अग्रवाल हे कर्क्युमिनवरचे सर्वाधिक गाजलेले संशोधक. चित्रांतल्या फेरफारांच्या आक्षेपांनंतर त्यांचे अनेक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले आहेत.

आणि मग यकृत. साखरेने दमलेल्या ज्या अवयवासाठी डबी आणली, तोच. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरकांनंतर कावीळ झालेल्या रुग्णांची रांग लागली, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने चौकशी केली. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये असेच दहा रुग्ण तपशीलवार मांडले. त्यातल्या बऱ्याच जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. असे रुग्ण विरळ आहेत हे खरे, पण पोह्यांत हळद घालणाऱ्या कुणाला या कारणाने कावीळ झाल्याचे ऐकिवात नाही.

हळदीची ही सगळी कथा वर्ध्याला एका जुन्या वादाच्या दारात आणून सोडते. १४ डिसेंबर १९३४ रोजी गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, मध आणि गूळ हा त्यांचा कार्यक्रम. मगनवाडीचा प्रश्न थेट होता. गिरणी अन्नातून जे काढून टाकते, ते जाते कुठे? आज त्याचे उत्तर मेडिकलमध्ये सापडते. कोंडा काढून टाकायचा आणि तंतूंची पूड विकायची, उसाचा रस पांढरा शुभ्र करायचा आणि त्याच्या उपद्रवावर कॅप्सूल विकायची. एकाच अन्नाचे दोनदा पैसे! कुमारप्पांनी हा ताळेबंद आवडीने मांडला असता.

पण गुळाच्या बाबतीत मगनवाडीला सगळे गुण देता येत नाहीत. गुळात थोडे लोह, खनिजे आणि फिनॉल जातीची अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात, साखरेत त्यांचा मागमूस नसतो. ग्रामोद्योग म्हणून गुळाची बाजू भक्कम होती आणि आहे. मधुमेहाला मात्र तो फरक कळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम साखरेचे ३९८ उष्मांक आहेत, गुळाचे ३८३. रक्तातली साखर दोघेही जवळपास सारख्याच वेगाने चढवतात. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या नजरकैदेत आरोग्यावरचे जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाचा रोजचा आहार दिला आहे. त्यात गूळ किंवा साखर दीड औंस, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका वरून घेतलेल्या साखरेला २५ ते ३० ग्रॅमवर थांबवते. म्हणजे आजच्या मापाने गांधीजींचा तो ‘संयमी’ आहारही गोडाला सैलच हात होता. दोन्ही मापांच्या मध्ये ऐंशी वर्षे गेली, अंगमेहनत घटली, आणि देशात १० कोटींवर मधुमेही मोजले गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह होता, आणखी १५.३ टक्के उंबरठ्यावर होते.

उंबरठ्यावरचे हे लोक दिसायला लठ्ठ असतीलच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचे आपले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणारा, पण आतून चरबीदार भारतीय देह असा दोन डॉक्टरांनी स्वतःवरच सिद्ध केला. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा १९९३ पासून मागोवा घेतला. गरोदरपणी ज्या आयांना ‘ब-१२’ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देणारी निघाली. हे अँटिऑक्सिडंटचे प्रकरण नव्हे, पण जीवनसत्त्व जितके जास्त तितके बरे या समजुतीला मराठी मातीतून मिळालेला हा ठोस पुरावा आहे.

ज्या उपायांनी मधुमेह खरोखर लांबतो त्यांचे आकडे बेताचे असतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना तीन वर्षे पाहिले. आहार आणि चालणे यांनी धोका २८.५ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र करून जास्त काही साधले नाही. या आकड्यांत थाटमाट नाही, म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतात.

आता वर्ध्याच्या ताटाकडे. टपरीवरचा गोड चहा इथे दिवसात चार वेळा सहज होतो. कपामागे दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली तर चाळीस ग्रॅम चहातच गेले. गोरस भांडारचा गाईच्या तुपातला गोरसपाक हा वर्ध्याहून जाणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत असायचाच, आणि तो असावा. पण तो रोजच्या चहाबरोबर बुडवायचा पदार्थ झाला की चहानेच ओलांडलेले मार्गदर्शिकेचे माप आणखी मागे पडते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आर्वी, आष्टी, कारंजा हे संत्र्यांचे तालुके आहेत. संत्र्यात ‘क’ जीवनसत्त्वाबरोबर तंतू असतात, आणि फोडी सोलत खाताना तीन-चार संत्र्यांवर हात थांबतो. त्यांचाच रस काढला की पेला एका दमात रिकामा होतो, साखर सगळी राहते आणि तंतू गाळणीत. अमेरिकेतल्या दीर्घ पाहण्यांवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये निघाला. आख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, जास्त खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला आणि रस जास्त पिणाऱ्यांत तो जास्त.

डबीच्या बाजूने कायदा फारसा नाही. १९५४ च्या जादुई उपचारविरोधी कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, त्यामुळे तो बरा करण्याची जाहिरात करता येत नाही. म्हणून पाकिटांवर ‘बरा करते’ ऐवजी ‘साखरेचे संतुलन राखण्यास साहाय्यक’ असे शब्द येतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे अशा उत्पादनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असेही छापावे लागते. ते बहुधा डबीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असते.

ज्यांच्या घरी अशी डबी आहे त्यांनी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात, जिथे दाखवत असतील तिथे, ती सोबत न्यावी. भूक मरणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे असे काही झाले तर डॉक्टरांना यकृताच्या तपासण्यांइतकीच तिची गरज असते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ती आधी दाखवलेली बरी. आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या आधी लॅबमध्ये तेवढे सांगावे. लघवीत उतरलेले ‘क’ जीवनसत्त्व पट्टीवरची रासायनिक क्रिया अडवते आणि लघवीत साखर असूनही पट्टी ‘नाही’ म्हणते. त्याचे प्रमाण रक्तात फार वाढले तर काही ग्लुकोमीटर उलट दिशेने चुकतात आणि साखर असेल त्याहून जास्त दाखवतात.